मान्यता मिळाली, पुराव्याचे काय?

मज्जारज्जूच्या दुखापतीवर इलेक्ट्रो-अ‍ॅक्युपंक्चर हा उपचार म्हणून पुढे केला जात आहे. त्याने काय साधते, काय साधत नाही आणि शासनाची जबाबदारी कोठे सुरू होते, याचा आढावा.

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने २०२५ ते २०३४ या दशकासाठी पारंपरिक वैद्यकाचे जागतिक धोरण संमत केले. पारंपरिक उपचारपद्धतींना आरोग्यव्यवस्थेत स्थान द्यावे, मात्र ते पुराव्याच्या आधारे द्यावे, असे त्या धोरणाचे सूत्र आहे. अ‍ॅक्युपंक्चरच्या बाबतीत आपल्याकडे या सूत्राचा पूर्वार्ध आधीच अमलात आला आहे. केंद्र सरकारने २००३ मध्ये नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकांना उपचाराची एक रीत म्हणून त्याची मुभा दिली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्राने तर २०१५ चा स्वतंत्र अधिनियमच केला. उत्तरार्ध मात्र मागे राहिला आहे. कोणत्या आजारात, कोणत्या अवस्थेत आणि कोणत्या मर्यादेपर्यंत ही पद्धती उपयोगी पडते, याची शिस्तबद्ध तपासणी मान्यतेबरोबर झाली नाही. या उणिवेची झळ ज्यांना सर्वाधिक बसते, त्यांत मज्जारज्जूला दुखापत झालेले रुग्ण आणि त्यांची कुटुंबे आहेत.

माडावरून पडलेला पाडेली, पावसाळ्यापूर्वी छपराची कौले चाळताना तोल गेलेला गृहस्थ, रात्रीच्या रस्त्यावर दुचाकीवरून फेकला गेलेला तरुण : आपल्या परिसरात ही दुखापत होते ती अशी. शस्त्रक्रिया होते, मणका स्थिर केला जातो; पण कमरेखालचा भाग निर्जीव राहतो. पुढे काय, या प्रश्नाला डॉक्टरांचे प्रामाणिक उत्तर बहुधा ‘काही महिने थांबून पाहावे लागेल’ हेच असते. नेमक्या त्याच काळात कोणी आप्त मोबाइलवर एखादी बातमी पाठवतो, की विजेच्या सुयांनी लुळे पडलेले उंदीर चालू लागले. बातमी खोटी नसते, पण ती अपुरी असते. आणि त्या अपुरेपणावर एखादे कुटुंब आपले दागिने गहाण टाकू शकते. म्हणून हा विषय केवळ वैद्यकीय नियतकालिकांपुरता सोडून देण्याजोगा नाही.

दुखापत म्हणजे नेमके काय?

मज्जारज्जू म्हणजे मेंदूच्या तळापासून कमरेच्या वरच्या मणक्यांपर्यंत उतरणारा, करंगळीएवढ्या जाडीचा आणि सुमारे ४५ सेंटीमीटर लांबीचा चेतातंतूंचा दोर. त्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या बाहेर पडतात. हात उचलणे, पाऊल टाकणे, मूत्र रोखणे, घाम येणे, रक्तदाब सांभाळणे या सर्वांच्या आज्ञा आणि वार्ता याच मार्गाने ये-जा करतात. मणका मोडला की हा दोर सहसा चाकूने कापल्यासारखा तुटत नाही. तो चेचला जातो. त्यानंतरच्या तासांत आणि दिवसांत सूज, रक्तपुरवठ्यातील खंड आणि दाह यांमुळे हानी आणखी पसरते. पुढे त्या जागी जो व्रण तयार होतो, तो नव्या तंतूंची वाट अडवतो. त्वचा, हाड, यकृत यांना जी दुरुस्ती साधते, ती प्रौढ माणसाच्या मज्जारज्जूला जवळजवळ साधत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार आज जगात दीड कोटीहून अधिक लोक अशा दुखापतीसह जगत आहेत. दुखापतीची तीव्रता ‘ए’ ते ‘ई’ या पाच श्रेणींत मोजली जाते. ‘ए’ म्हणजे मज्जारज्जूच्या सर्वांत खालच्या भागातही ना संवेदना, ना हालचाल. ‘ई’ म्हणजे सर्व काही पूर्ववत. या मोजणीतून हाती आलेली एक गोष्ट या लेखाच्या दृष्टीने कळीची आहे. अपूर्ण दुखापतीच्या अनेक रुग्णांत, आणि ‘ए’ श्रेणीतील काही थोड्या रुग्णांतही, कोणताही विशेष उपचार न करता सुधारणा होते. तिचा बहुतांश भाग पहिल्या तीन महिन्यांत दिसतो आणि पुढे दीड वर्षापर्यंत ती मंद गतीने चालू राहू शकते. म्हणजे या काळात रुग्णाने सुया टोचून घेतल्या, काढे घेतले वा नवस बोलला, तरी सुधारणेचे श्रेय त्या त्या उपायाला जाण्याची दाट शक्यता असते. नैसर्गिक सुधारणा आणि उपचाराचा गुण यांना वेगळे करणे हेच या क्षेत्रातील संशोधनाचे सर्वांत अवघड काम आहे.

सुईला वीज कशी जोडली गेली?

अ‍ॅक्युपंक्चर प्राचीन असले, तरी त्याला वीज जोडण्याची प्रथा आधुनिक आहे. १९५० च्या दशकात चीनमध्ये तिचा मोठा प्रसार झाला. शरीराच्या ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचायच्या, त्यांच्या जोड्यांना छोट्या यंत्राच्या तारा जोडायच्या आणि त्यांतून सौम्य, स्पंदनयुक्त प्रवाह सोडायचा, असे तिचे स्वरूप आहे. हाताने सुई फिरवण्यापेक्षा या पद्धतीत उत्तेजनाचा जोर आणि स्पंदनांची गती मोजता येते. मोजता येणारी गोष्ट तपासताही येते, हा तिचा खरा गुण.

पाश्चात्त्य जगाचे लक्ष तिकडे वळले ते १९७१ मध्ये. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे पत्रकार जेम्स रेस्टन यांच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया बीजिंगमध्ये झाली आणि नंतरच्या त्रासावर त्यांना सुया टोचण्यात आल्या. पुढे या हकिकतीचे इतके रंजन झाले, की सुयांच्या बधिरतेवरच त्यांचे पोट फाडले गेले असा समज पसरला. वस्तुतः शस्त्रक्रिया नेहमीच्या औषधांनी बधिरता आणूनच झाली होती. या उपचारपद्धतीच्या बातम्या हस्ते-परहस्ते कशा फुगतात, याचा तो प्रारंभीचा नमुना होय.

भारतात ही विद्या आली तिला एक मराठी पार्श्वभूमी आहे. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. त्याच पथकातील कोलकात्याचे डॉ. बिजयकुमार बसू यांनी १९५९ मध्ये चीनमधून अ‍ॅक्युपंक्चर शिकून येऊन ते भारतात रुजवले. पंजाबातील लुधियाना येथे कोटणीसांच्या नावाने अ‍ॅक्युपंक्चरचे रुग्णालयही उभे राहिले. कोटणीसांविषयीचा आदर योग्यच आहे. मात्र एखाद्या उपचाराची उपयुक्तता त्याच्याशी जोडलेल्या थोर नावांवरून ठरत नाही.

शास्त्रीय पातळीवर सर्वांत भक्कम काम झाले ते वेदनेवर. बीजिंगमधील शास्त्रज्ञ हान जीशेंग यांनी अनेक वर्षांच्या प्रयोगांतून दाखवले, की सेकंदाला दोन स्पंदने आणि सेकंदाला शंभर स्पंदने अशा वेगवेगळ्या गतींच्या प्रवाहाने शरीरात वेगवेगळी वेदनाशामक द्रव्ये स्रवतात. २०२१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हार्वर्डचे मा चिउफू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मागच्या पायातील एका विशिष्ट प्रकारच्या मज्जातंतूंचा शोध प्रसिद्ध केला. त्या तंतूंना योग्य जागी आणि योग्य तीव्रतेने उत्तेजित केले तर दाह कमी होतो, ते तंतू नसतील तर होत नाही. अशा कामामुळे सुईचा परिणाम गूढ ऊर्जामार्गांच्या भाषेतून मज्जातंतूंच्या भाषेत येऊ लागला. परंतु वेदना आणि दाह कमी होणे ही एक गोष्ट, तुटलेला मार्ग जोडला जाणे ही सर्वस्वी दुसरी. पहिलीच्या पुराव्यावर दुसरीची हमी देता येत नाही.

उंदीर आणि माणूस

मज्जारज्जूच्या दुखापतीवरील इलेक्ट्रो-अ‍ॅक्युपंक्चरचे संशोधन मुख्यतः चीनमध्ये आणि मुख्यतः उंदरांवर झाले आहे. पाठीच्या मध्यरेषेवरील बिंदूंना प्रवाह दिल्यास पेशींचा मृत्यू कमी होतो, दाह उतरतो, तंतूंच्या वाढीला पोषक द्रव्ये वाढतात, असे निष्कर्ष वारंवार प्रसिद्ध झाले आहेत. ग्वांगझू येथील सुन यात-सेन विद्यापीठात झेंग युआनशान यांच्या गटाने याच प्रवाहाला मूलपेशींच्या रोपणाची जोड देऊन प्रयोग केले. हे काम हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

तरीही उंदरापासून माणसापर्यंतचे अंतर मोठे आहे. प्रयोगशाळेत दुखापत ठरलेल्या जागी, ठरलेल्या जोराने केली जाते आणि उपचार बहुधा लगेच सुरू होतो. अपघातातील माणूस तासन्‌तास रस्त्यात पडलेला असतो. उंदराच्या मज्जारज्जूत मेंदूच्या आज्ञेवाचून पावले टाकू शकणारी यंत्रणा अधिक स्वायत्त असते आणि अपूर्ण दुखापतीनंतर तो उपचाराविनाही बराच सावरतो. उंदरांत यशस्वी झालेले या क्षेत्रातील कितीतरी उपाय माणसांत निष्प्रभ ठरले आहेत. म्हणून उंदरांवरील यश हे माणसांवर प्रयोग करण्याचे कारण होऊ शकते. माणसांकडून शुल्क घेण्याचे कारण होऊ शकत नाही.

माणसांवरचा पुरावा कितपत आहे? सर्वाधिक उद्धृत होणारी चाचणी २००३ मध्ये तैवानमधून प्रसिद्ध झाली. नुकतीच दुखापत झालेल्या, ‘ए’ आणि ‘बी’ श्रेणींतील १०० रुग्णांपैकी एका गटाला नेहमीच्या पुनर्वसनाबरोबर हातापायांच्या बिंदूंवर विद्युत उत्तेजन आणि कानावर अ‍ॅक्युपंक्चर देण्यात आले. वर्षभरानंतर या गटातील रुग्णांची हालचाल, संवेदना आणि दैनंदिन स्वावलंबन दुसऱ्या गटापेक्षा अधिक सुधारल्याचे नोंदले गेले. निष्कर्ष उत्साहवर्धक आहे. पण दोन बाबी नजरेआड करता येत नाहीत. हातापायांवरचे विद्युत उत्तेजन सुयांनी नव्हे, तर त्वचेवर चिकटवलेल्या पट्ट्यांतून दिले गेले होते. शिवाय दुसऱ्या गटाला खोटा उपचार, म्हणजे दिसायला तसाच पण प्रत्यक्षात निष्क्रिय उपचार, दिला गेला नव्हता. आपल्याला काही विशेष मिळते आहे ही जाणीव रुग्णाच्या प्रयत्नांवर आणि तपासणाऱ्याच्या नजरेवर प्रभाव टाकते. ती जाणीव दोन्ही गटांत समान ठेवल्याशिवाय सुईचा वाटा किती हे कळत नाही.

या विषयावरील मानवी चाचण्या एकत्र करून झालेल्या पद्धतशीर समीक्षांनीही सावध निर्णयच दिला आहे. चाचण्या लहान, त्यांची रचना कच्ची, रुग्णांच्या अवस्था सरमिसळ. त्यामुळे ठाम शिफारस करता येत नाही, असा त्यांचा सूर आहे. याला आणखी एका निरीक्षणाची जोड द्यायला हवी. १९९८ मध्ये अँड्र्यू विकर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अ‍ॅक्युपंक्चरच्या चाचण्यांचा देशवार हिशेब मांडला. चीन, जपान, हाँगकाँग आणि तैवान येथून आलेली एकही चाचणी त्यांना प्रतिकूल निष्कर्षाची आढळली नाही. कोणताही उपचार प्रत्येक वेळी यशस्वी होत नसतो. जेथे फक्त यशच छापून येते, तेथे अपयशाचे कागद कपाटात राहिले आहेत असेच मानावे लागते.

आशेला जागा कोठे आहे?

एवढ्यावरून संपूर्ण विषय निकालात काढणेही अशास्त्रीय ठरेल. दुखापतीच्या जागेखालचा मज्जारज्जू मेलेला नसतो. मेंदूशी त्याचा संपर्क तुटलेला असतो. मूत्राशय, आतडी आणि स्नायूंचा ताण यांच्या प्रतिक्षिप्त क्रिया चालवणारी चेतामंडले तेथे जिवंत असतात. त्यांना बाहेरून उत्तेजन देऊन शिस्त लावता येईल, ही कल्पना शरीरशास्त्राला धरून आहे. १९९८ मध्ये तैवानमध्येच झालेल्या एका प्राथमिक अभ्यासात, इलेक्ट्रो-अ‍ॅक्युपंक्चर मिळालेल्या रुग्णांच्या मूत्राशयाचे कार्य लवकर मार्गी लागल्याचे दिसले होते. मज्जारज्जूच्या रुग्णाला विचारले, तर पाय चालण्याइतकीच, कधी त्याहूनही अधिक, त्याला मूत्र-मलावरच्या नियंत्रणाची ओढ असते. तेव्हा हा प्रश्न गौण नाही.

कल्पना पारंपरिक असली तरी तिची तपासणी कशी करावी, याचे एक उत्तम उदाहरण याच अवयवाच्या संदर्भात उपलब्ध आहे. १९८३ मध्ये अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञ एडवर्ड मॅकग्वायर यांनी अ‍ॅक्युपंक्चरच्या बिंदूंवरून सूचन घेऊन घोट्याजवळच्या मज्जातंतूला विद्युत उत्तेजन दिले आणि अतिक्रियाशील मूत्राशयावर त्याचा परिणाम पाहिला. पुढे मार्शल स्टोलर यांनी त्याचे सुईचे तंत्र विकसित केले. २०१० मध्ये २२० रुग्णांवर खोट्या उपचाराशी तुलना करणारी चाचणी प्रसिद्ध झाली. खरा उपचार मिळालेल्यांपैकी ५४.५ टक्के रुग्णांनी सुधारणा सांगितली, खोटा उपचार मिळालेल्यांपैकी २०.९ टक्के रुग्णांनी. हे दोन्ही आकडे बोलके आहेत. पहिला सांगतो, की उपचारात तथ्य आहे. दुसरा सांगतो, की काहीही न करता, केवळ केल्याचा आभास निर्माण करूनही दर पाचांतील एकाला बरे वाटते. ही चाचणी मज्जारज्जूच्या रुग्णांवरची नव्हती. पण तिने वाट दाखवली. परंपरेने जागा सुचवली, शास्त्राने तिची परीक्षा घेतली आणि जे उरले ते आज जगभर नेहमीच्या उपचारांत मोडते.

चीनमधील संशोधकही असे काटेकोर काम करू शकतात, हे त्यांनी सिद्ध केले आहे. २०१७ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात त्यांची एक चाचणी आली. खोकताना-शिंकताना मूत्र गळण्याचा त्रास असलेल्या ५०४ स्त्रिया, १२ रुग्णालये, सहा आठवड्यांत १८ वेळा उपचार आणि तुलनेला बोथट सुयांचा खोटा उपचार, अशी तिची रचना होती. इलेक्ट्रो-अ‍ॅक्युपंक्चर मिळालेल्या गटात गळती स्पष्टपणे अधिक कमी झाली. म्हणजे सुयांच्या उपचाराची अशी परीक्षा घेताच येत नाही, ही सबब टिकत नाही. मज्जारज्जूच्या दुखापतीसाठी या तोडीची चाचणी व्हायला हवी.

तराजू सर्वांना एकच

येथे आधुनिक वैद्यकाचा कैवार घेऊन परंपरेला झोडपण्याचा मोह टाळला पाहिजे. १९९० मध्ये एका मोठ्या अमेरिकी चाचणीच्या आधारे मज्जारज्जूच्या ताज्या दुखापतीत मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा प्रचंड मात्रेतील वापर जगभर रूढ झाला. त्या चाचणीच्या विश्लेषणावर पुढे आक्षेप आले, दुष्परिणाम समोर आले आणि २०१३ मध्ये अमेरिकेतील मेंदुशल्यविशारदांच्या संघटनांनी त्याची शिफारस करू नये असे सांगितले. म्हणजे मधली दोन दशकांहून अधिक वर्षे हजारो रुग्णांना ते औषध अपुऱ्या पुराव्यावर दिले गेले.

आज सर्वाधिक चर्चा आहे ती मज्जारज्जूच्या थेट विद्युत उत्तेजनाची. मानेच्या त्वचेवर विद्युतपट्ट्या लावून हातांची शक्ती वाढवणाऱ्या ‘आर्क-ईएक्स’ या यंत्राची ६० रुग्णांवरील चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. ७२ टक्के रुग्णांत ताकद आणि कार्य दोन्ही सुधारले आणि डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्या यंत्राला परवानगी दिली. या चाचणीतही खोट्या उपचाराचा गट नव्हता. पण सर्व रुग्णांची दुखापत किमान एक वर्ष जुनी होती, म्हणजे नैसर्गिक सुधारणेचा मुख्य काळ उलटून गेला होता. शिवाय प्रत्येकाला आधी दोन महिने केवळ पुनर्वसनाचे व्यायाम दिले गेले आणि मगच यंत्र जोडले गेले. त्यामुळे वाढीव सुधारणा कशामुळे झाली याचा अंदाज बांधता आला.

‘आर्क-ईएक्स’चे यश दाखवून ‘आमच्याकडेही वीजच आहे’ असे सांगणारे दवाखाने निघतील. त्यांना उत्तर असे, की वीज हे साधन आहे. ती कोठे, किती, कोणत्या गतीने आणि कोणत्या व्यायामाबरोबर दिली, यावर फळ अवलंबून असते. एका यंत्राचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यात जमा होत नाही.

‘अपाय तर नाही ना?’

‘गुण आला तर आला, अपाय तर नाही ना’ असे म्हणून अनेक कुटुंबे या उपचाराकडे वळतात. सर्वसाधारण माणसाच्या बाबतीत प्रशिक्षित हाताने निर्जंतुक सुई टोचणे बऱ्यापैकी सुरक्षित आहे. मज्जारज्जूच्या रुग्णाचे शरीर मात्र वेगळ्या नियमांनी चालते. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर दुखापत असेल, तर खालच्या भागातील कोणत्याही तीव्र उत्तेजनाने रक्तदाब अचानक भयावह वाढू शकतो. डोके ठणकते, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. दुर्लक्ष झाले तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. सुई आणि विद्युत्प्रवाह ही दोन्ही अशी उत्तेजने ठरू शकतात. बधिर त्वचेला चटका बसला किंवा जंतुसंसर्ग झाला तरी रुग्णाला कळत नाही. पायांतील रक्ताच्या गुठळ्या टाळण्यासाठी अनेकांना रक्त पातळ करणारी औषधे चालू असतात. हृदयाला पेसमेकर असेल तर प्रवाह धोक्याचा. या सर्वांची विचारपूस न करता, रक्तदाब न मोजता सुया टोचणाऱ्याकडे जाणे म्हणजे एका अपघातातून सावरताना दुसऱ्याला निमंत्रण देणे होय.

दुसरा अपाय काळाचा आणि पैशाचा. पहिल्या काही महिन्यांत शरीर जे परत मिळवू शकते, ते मिळवण्यासाठी नियमित पुनर्वसन लागते. तो काळ दवाखान्यांच्या फेऱ्यांत गेला तर तो परत येत नाही. बीजिंगमध्ये दोन दशकांपूर्वी पेशीरोपणाच्या शस्त्रक्रियेसाठी देशोदेशींचे रुग्ण जात. तीन तज्ज्ञांनी त्यांपैकी सात जणांची शस्त्रक्रियेआधी आणि नंतर तपासणी करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. उपयोगी म्हणावी अशी सुधारणा एकातही आढळली नाही. उलट मेंदुज्वरासारख्या गुंतागुंती दिसल्या. सुया त्या शस्त्रक्रियेइतक्या घातक नाहीत; पण आशेचे अर्थकारण दोन्हीकडे सारखेच चालते.

आयुष्य खरे कशाने बदलले?

मज्जारज्जूच्या रुग्णांचे आयुष्य गेल्या शतकात खरोखर बदलले ते कोणत्याही चमत्काराने नव्हे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी असे बहुतेक रुग्ण शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांनी लवकरच दगावत. १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल रुग्णालयात लुडविग गुटमन यांनी दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलण्याची, मूत्राशयाची निगा राखण्याची आणि रुग्णाला कामाला व खेळाला लावण्याची शिस्त घातली. १९४८ मध्ये तेथे १६ रुग्णांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. पॅरालिम्पिकचे मूळ तेथे आहे. १९७२ मध्ये अमेरिकेतील जॅक लॅपिडिस यांनी दाखवले, की रुग्णाने स्वतःच्या हातांनी, स्वच्छ धुतलेल्या नळीने ठरावीक वेळाने मूत्र काढले तर मूत्रपिंडे वाचतात. या उपायांत नाट्य काही नाही. पण त्यांनी वाचवलेल्या जिवांची गणती करता येणार नाही.

आपल्याकडेही असे आदर्श आहेत. १९५४ च्या अपघातात अपंगत्व आलेल्या डॉ. मेरी व्हर्गीस चाकांच्या खुर्चीत बसून शस्त्रक्रिया करीत आणि पुढे त्यांनी वेल्लोरला पुनर्वसन विभाग उभा केला. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे पडलेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात भारताचे पहिले सुवर्णपदक जिंकले. पुण्याजवळ खडकीला जखमी सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र आहे, मुंबईत ‘नीना फाउंडेशन’सारखी संस्था अशा रुग्णांसाठी काम करते. यांतील कोणाचाही मज्जारज्जू पुन्हा जोडला गेला म्हणून त्यांचे जीवन फुलले, असे नाही. निगा, प्रशिक्षण, साधने आणि समाजात वावरण्याची मुभा यांमुळे ते फुलले.

शासनाने आणि कुटुंबाने काय करावे?

पहिली गोष्ट, मान्यता आणि दावा यांत भेद करणारी नियमावली हवी. एखादी पद्धती मान्य आहे याचा अर्थ त्या पद्धतीने पक्षाघात बरा होतो असे जाहीर करण्याचा परवाना मिळाला, असा नव्हे. औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना प्रतिबंध करणाऱ्या १९५४ च्या कायद्याच्या अनुसूचीत पक्षाघाताचा समावेश आहे; तो बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करता येत नाही. सुया आणि विद्युतयंत्रे यांच्या दाव्यांनाही तीच कसोटी निःसंदिग्धपणे लागू व्हावी.

दुसरी गोष्ट, बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, बेळगाव, कोल्हापूर, नागपूर, इंदूर, वडोदरा येथील मोठी रुग्णालये यांनी मिळून मूत्राशयाचे नियंत्रण, वेदना आणि स्नायूंचा ताण या मर्यादित प्रश्नांवर इलेक्ट्रो-अ‍ॅक्युपंक्चरची बहुकेंद्री चाचणी हाती घेणे अशक्य नाही. देशात २००९ पासून चाचण्यांची नोंदणी अनिवार्य आहे. निष्कर्ष अनुकूल असो वा प्रतिकूल, तो प्रसिद्ध करण्याचे बंधन त्याबरोबर यावे. पुरावा मिळाला तर हा उपचार सरकारी योजनांत यावा, न मिळाला तर दावे थांबावेत.

तिसरी आणि सर्वांत निकडीची गोष्ट पुनर्वसनाची. शस्त्रक्रियेचा खर्च योजनांतून निघतो. पण त्यानंतरचे महिने, नळ्या, हवेची गादी, खुर्ची, फिजिओथेरपी यांचा भार घरावर पडतो. ही पोकळी जोपर्यंत सार्वजनिक व्यवस्था भरत नाही, तोपर्यंत ती भरायला बाजार येणारच. त्या बाजाराला केवळ अंधश्रद्धा म्हणून हिणवणे म्हणजे आपले कर्तव्य विसरणे होय.

कुटुंबांसाठी चार प्रश्न पुरेसे आहेत. रुग्णाची दुखापत कोणत्या पातळीची आणि कोणत्या श्रेणीची, हे लेखी मिळाले आहे का? सुयांचा उपचार नेमक्या कोणत्या तक्रारीसाठी आणि किती आठवड्यांसाठी सुचवला जात आहे, आणि गुण कसा मोजला जाणार? चालू असलेले पुनर्वसन आणि औषधे बंद करायला तर सांगितले जात नाही ना? आणि हे संशोधन म्हणून चालले असेल, तर त्याची नोंदणी कोठे आहे व त्यासाठी पैसे का मागितले जात आहेत? या प्रश्नांना जो शांतपणे उत्तरे देतो त्याच्याशी पुढे बोलावे. जो ‘श्रद्धा ठेवा’ म्हणतो त्याच्या दारातून परतावे.

विजेच्या सुयांतून उद्या काही उपयुक्त निघेल, अशी शक्यता आहे. बहुधा ते मूत्राशय, वेदना आणि स्नायूंचा ताण यांपुरते असेल, आणि तेवढेही असंख्य रुग्णांना मोलाचे वाटेल. मात्र ती शक्यता आजच खात्री म्हणून विकली जाऊ नये, हे पाहणे हे मान्यता देणाऱ्या शासनाचे काम आहे. २०१९ मध्ये अर्धे काम झाले. उरलेले अर्धे करायला आता विलंब नको.